पट्टी आत राहिली

मित्रांनो, मी एक जुना कयाक आहे. कयाक म्हणजे लांब, निमुळती होडी. साध्या होडीसारखा मी वरून उघडा नसतो. माझी पाठ बंद आहे आणि त्या पाठीत बसायला दोन भोकं आहेत. माणूस कमरेपर्यंत आत जातो, पाय पुढे पसरतो आणि वल्हं हातात घेतो. माझ्यात बसणं हे थोडंसं अडकणंच असतं. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. नारिंगी प्लॅस्टिकची भुकटी लोखंडी साच्यात भरली, साचा भट्टीत गोल गोल फिरवला आणि मी तयार झालो. साच्यातून सुटलो तेव्हा वाटलं, आता समुद्र दिसेल. पण मला कागदात गुंडाळून कंटेनरमध्ये घातलं आणि दार लावलं. त्या अंधारात मी किती काळ होतो, ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं तेव्हा डोळे दिपवणारं ऊन होतं आणि कुणीतरी ओरडत होतं, “यल्ला, यल्ला!” म्हणजे चला, चला. मी मस्कतला पोचलो होतो.

मला विकत घेणाऱ्या छोट्या कंपनीचं ऑफिस तिथल्याच अल् खुवैर भागात होतं. ती लोकांना कयाकमधून दूरच्या बेटांवर न्यायची. तिचा वाटाड्या होता यासिर. तो मूळचा रत्नागिरीकडच्या हर्णैचा. माझ्या पाठीवर हात फिरवून तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “चांगला हाय. सरळ जाईल.”

आम्ही ओमानच्या दक्षिणेला, ढोफारच्या किनाऱ्यावरून दूरच्या बेटांकडे जात असू. तिथलं पाणी थंड असतं. ओमानमध्ये थंड पाणी कसं, असं तुम्ही विचाराल. पावसाळ्यात तिथला वारा समुद्राचं वरचं पाणी लोटून देतो आणि खालचं गार पाणी वर येतं. सप्टेंबर संपत आला तरी ते गारच राहतं. नुमान नावाचा ओमानी नाखवा आम्हाला त्याच्या मोटरबोटीतून बेटांजवळ सोडायचा. मग काही दिवस आम्ही किनाऱ्या-किनाऱ्याने वल्हवत फिरायचो. रात्री माणसं वाळूवर तंबू ठोकायची. डॉल्फिन दिसले की लोक आनंदाने ओरडायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. “काय मस्त होडी आहे!” हे मी खूपदा ऐकलं, आणि मला ते आवडायचंही.

एका वर्षी पूर्वा नावाची मुलगी आली. नुकतीच नोकरीला लागलेली. तिच्याबरोबर वडील, उत्तमराव, येणार होते. पण ते दूर दुक्मच्या बंदरात कामाला, आणि ऐन वेळी त्यांना सुट्टी मिळाली नाही. त्यांच्या जागी आली पूर्वाची आई, मैनाताई. त्यांना पोहायला जेमतेम येत होतं. “जागा फुकट का घालवायची?” असं म्हणून त्या बसल्या. पूर्वा मागच्या भोकात बसून मला वळवायची, ताई पुढे. यासिर त्याच्या एकट्याच्या कयाकमध्ये.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून बसणारा कमरेला एक रबरी झगा घालतो आणि त्याची कड माझ्या भोकाच्या काठावर घट्ट बसवतो. झग्याला पुढे एक पट्टी असते. कयाक उलटला तर ती पट्टी ओढायची, की झगा सुटतो आणि माणूस बाहेर पडतो. पट्टी नेहमी बाहेर हवी. रोज यासिर ती स्वतः तपासायचा. त्या सकाळी वारा वाढत होता, सगळे घाईत होते. मैनाताईंनी झगा स्वतःच बसवला आणि पट्टी आत राहिली.

एका उंच कड्याजवळून जाताना लाटा कड्यावर आपटून उलट येत होत्या. एक लाट पुढून आली, एक बाजूने, आणि मी उलटा झालो.

पूर्वा लगेच सुटली. ताई सुटल्या नाहीत. माझ्या आत त्यांचे गुडघे माझ्या पाठीवर आतून आपटत होते. त्यांची बोटं पट्टी शोधत काठावरून फिरत होती. मित्रांनो, मला हात नाहीत. मी त्यांना घट्ट धरून ठेवलं होतं, कारण मला तसंच घडवलं आहे. मला सोडता येत नव्हतं.

पूर्वाने बुडी मारली. खडकाला चिकटलेल्या कालवांवर तिचा तळहात फाटला, तरी तिने झग्याची कड दोन्ही हातांनी उपसून काढली. ताई वर आल्या. यासिर पोचला, दोघींना त्याने धरलं, आणि लाटांनी आम्हाला कड्याखालच्या एका चिंचोळ्या खाडीत नेऊन टाकलं.

खाडीत वाळूचा एक तुकडा होता. मागे सरळ उभा कडा, वर काळे पाणकावळे. चढायला वाट नाही. बाहेर वारा इतका वाढला की आम्ही जिथून आलो तिथूनही परत जाता येईना. यासिरने रेडिओवर नुमानला बोलावलं.

“हवा बहुत है,” नुमानचा आवाज आला. “बोट अंदर नहीं आता. तुम टोक के उस पार आओ, उधर पानी ठंडा, मतलब शांत.”

“आज निकलना नहीं होगा,” यासिर म्हणाला.

“तो इन्शाल्ला बुकरा,” नुमान म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या.

उद्या आला, पण वारा गेला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. यासिरने मला आडवं लावून वाऱ्याला आडोसा केला. माझ्यामागे तिघं अंगाला अंग लावून बसायची. कडा सूर्य अडवायचा, त्यामुळे वाळू गार असायची. यासिर कपात पिण्याचं पाणी ओतताना हात आखडता घेऊ लागला.

“माझीच चूक, ताई,” तो एकदा म्हणाला. “पट्टी मी बगितली नाय.”

 ताई माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. जेवताना पाठ करून बसायच्या.

शेवटी एका पहाटे वारा थोडा उतरला. यासिर म्हणाला, “उद्या पहाटे असाच उतरला तर निघू. कड्याचं टोक ओलांडलं की पलीकडं नुमान हाय.”

“मी नाही येणार,” ताई म्हणाल्या. “मी त्या पेटीत परत बसणार नाही.”

“आई, मग काय इथेच राहायचं?”

“राहीन. वारा थांबेल, बोट आत येईल.”

“आई, प्लीज! बी प्रॅक्टिकल.”

“खाली काय होतं ते तुला माहीत नाही, पूर्वा. कानात पाणी, नाकात पाणी. आणि पाय निघेनात. मला वाटलं, संपलं.”

 पूर्वाने चहाचा कप उचलला, डाव्या हाताने. ताईंचं तिकडे लक्ष गेलं. मुलगी डावरी नव्हती.

“उजवा हात दाखव.”

“ठीक आहे गं.”

“दाखव म्हणते ना!”

पूर्वाने ओढणीत गुंडाळलेला हात बाहेर काढला. तळवा सुजून लाल झाला होता आणि लाली मनगटावर चढत होती. यासिरने बघितलं आणि तो हळूच म्हणाला, “डॉक्टर पायजे. लवकर.”

ताई बराच वेळ तो हात मांडीवर घेऊन बसल्या. मग उठल्या, झगा कमरेला चढवला आणि पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“यासिरभाई,” त्या म्हणाल्या, “मला उलटं करा.”

“काय?”

“इथे, उथळ पाण्यात. मला यात बसवा आणि उलटं करा. मला बाहेर येता येईपर्यंत करा.”

खाडीच्या आतल्या कोपऱ्यात पाणी कमरेएवढं होतं. ताई बसल्या, यासिरने पट्टी तपासली, ताईंनीही तपासली. मग त्याने मला उलटं केलं. पुन्हा ते गुडघे माझ्या पाठीवर आपटले. पण या वेळी बोटांना पट्टी सापडली. ताई खोकत वर आल्या, थरथर कापत होत्या. “परत,” त्या म्हणाल्या. परत उलटलो. आणि परत. पूर्वा काठावर उभी राहून रडत होती आणि ओरडत होती, “आई, बास! थंडी भरेल!” शेवटच्या खेपेला त्यांचे गुडघे आपटलेच नाहीत. त्यांनी शांतपणे पट्टी ओढली आणि त्या बाहेर आल्या.

दुसऱ्या पहाटे आम्ही निघालो. पूर्वाला वल्हवता येत नव्हतं, म्हणून ती पुढे बसली आणि ताई मागे, मला वळवायच्या जागी. यासिरने माझ्या नाकाला दोर बांधून पुढून ओढलं. कड्याजवळ लाटा तशाच होत्या. एकीने मला पुरतं कलतं केलं. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी वल्हं पाण्यावर आडवं दाबलं आणि मी सावरलो. टोक ओलांडलं, आणि समोर नुमानची बोट.

“खलास! खलास!” नुमान दोन्ही हात वर करून ओरडत होता. त्याच्या भाषेत खलास म्हणजे झालं, सुटलात.

माणसं बोटीत चढली. मला वर घेताना मात्र एका लाटेने मला बोटीवर आपटलं आणि माझा तळ फाटला. त्याचं मला फार दुःख झालं नाही. पूर्वाला सलालाच्या दवाखान्यात नेलं. हात वाचला.

माझं मात्र काम संपलं. मला मस्कतमधल्या अल् मवालेहच्या गोदामात, एका लोखंडी रॅकखाली पालथं टाकलं. वर तंबू, दोर, फुटकी वल्ही रचली. जवळच्या भाजी मार्केटमधला कांद्याचा वास यायचा, एवढंच बाहेरचं जग. अंगावर धुळीचा थर बसला. कुणी दार उघडलं की वाटायचं, मला न्यायला आले असतील. पण ते रॅकवरचा एखादा बल्ब घेऊन निघून जायचे.

एका हिवाळ्यात यासिर आला. त्याने रॅक रिकामा केला, मला धुतलं, आणि वितळवलेल्या प्लॅस्टिकचं ठिगळ माझ्या तळाला लावलं. खोल समुद्रात जाण्याएवढा मी आता भक्कम नाही. मस्कतच्या एका किनाऱ्यावर मला खांबाला साखळीने बांधून ठेवतात. बेटं मला पुन्हा दिसली नाहीत, दिसणारही नाहीत. माझं काम एकच आहे, उथळ पाण्यात उलटं होणं. आता बेटांवर जाणाऱ्या प्रत्येकाला यासिर आधी माझ्यात बसवतो आणि उलटवतो. बाहेर येता आलं, तरच पुढे.

मागच्या शुक्रवारी मैनाताई आल्या होत्या. सोबत सुट्टीवर आलेले उत्तमराव. बेटावर जायची त्यांची फार घाई.

“आधी उलटे व्हा,” ताई म्हणाल्या, “मग बेटाचं बोला.”

उत्तमराव नाकातोंडात पाणी जाऊन वर आले. ताई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. “परत,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, काम झालं की मला गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकून जाऊ नका. मिठाने आणि उन्हाने मी तडकतो. आणि कुणालाही माझ्यात बसवाल, तेव्हा बाहेर कसं यायचं ते त्याला आधी शिकवा. मला ते करून देता येत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.