कल्पिताचे तिकीट, पार्वतीच्या बटव्यात

मी कल्पिताचे बसचे तिकीट बोलतोय. प्रवास तिचा, पण माझा मुक्काम तिच्या आईच्या बटव्यात. सगळी भानगड झाली ती एवढ्यामुळेच.

माझा जन्म मार्वेला, कंडक्टरच्या हातातल्या यंत्रात झाला. टर्रकन आवाज झाला आणि मी कोमट अंगाने बाहेर आलो. 'मार्वे ते मालाड स्टेशन, एक' एवढीच माझी जन्मकुंडली. पाठोपाठ आणखी एक तिकीट निघाले, ते मालवणी बाजारापर्यंतचे, तिथे मासळी विकायला निघालेल्या बायकांचे.

मनोरीच्या या बायकांची एक रीत आहे. खाडी ओलांडून तरीच्या होडीतून मार्वेला उतरले की मासळीच्या पाट्या एकीबरोबर रिक्षात जातात, बाकीच्या बसने येतात, आणि सगळ्यांची तिकिटे पार्वती काढते. काढते, घडी घालते आणि कमरेच्या बटव्यात टाकते. कुणी आपले तिकीट मागत नाही. त्या दिवशी तिची लेक कल्पिताही बसमध्ये होती, कॉलेजला निघालेली. सवयीने मीही बटव्यात गेलो.

मालवणी बाजार आला. पार्वती मैत्रिणींसकट उतरली, आणि मीही उतरलो! मालाडचे तिकीट मालवणीला उतरले. आत सुपारीचा आणि बोंबलांचा वास होता. मला वाटले, हेच मालाड असेल.

पुढच्याच थांब्यावर बसमध्ये तिकीट तपासनीस चढला. तिथे काय झाले ते मी संध्याकाळी मनोरीच्या घरात ऐकले.

"दंड भरला मी," कल्पिता पाय आपटत म्हणाली.

पार्वतीने मला बटव्यातून काढले. "अगो, तुझं तिकीट तं माझ्याकडं हाय! सांगायचंस ना त्याला, आयशीकडं हाय म्हणून. मी काय लांब गेली होती?"

"नाही सुचलं."

पार्वतीने तिच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग मला गुडघ्यावर सरळ केले आणि पुन्हा आत ठेवले. पुढे काही विचारले नाही. बोलक्या बाईचे हे गप्प बसणे मला चमत्कारिक वाटले.

एरवी माझ्यासारख्यांचे आयुष्य एका फेरीचे. उतरल्यावर माणसे आम्हाला चुरगाळतात, आमची पुंगळी करून कान कोरतात. मी मात्र महिनोन् महिने जगलो. बटव्यात बसून माणसांचे बोलणे ऐकायचा मला नाद लागला, आणि त्यातच एक नवा शब्द कानावर आला.

कल्पिताला अंधेरीला विमानतळावर नोकरी लागत होती. तिच्या जिवाला त्या नोकरीचाच ध्यास होता. पण आत जायचा पास मिळण्याआधी पोलिसांची पडताळणी व्हायची होती. तिचा मावसभाऊ कृणाल तिला चिडवायला एका पायावर तयार.

"वाट लागली तुझी! विदाऊट तिकीट पकडलेली ना तू? रेकॉर्डवर असणार ते."

कल्पिताचे जेवण सुटले. मला मात्र भलतीच उत्सुकता लागली. रेकॉर्ड म्हणजे काय असेल? सगळ्या गावाच्या चुका ठेवायचा एखादा मोठा बटवा? त्यात दंडाच्या पावतीला जागा असेल, तर माझ्यासारख्या खऱ्या तिकिटाला का नाही?

"घाबरू नको गो," पार्वती म्हणाली. "मी येते. तिकीट दाखवू सायबाला."

माझी छाती फुगली. एवढे दिवस जपले ते याचसाठी तर!

पोलीस ठाण्यात टेबलामागे वनमाला नावाच्या हवालदारबाई बसल्या होत्या. "कधी काही केस, गुन्हा?" त्यांनी विचारले.

कल्पिता एका दमात म्हणाली, "मॅडम, बसमध्ये एकदा दंड झाला होता. पण तिकीट काढलेलं होतं. हे बघा." पार्वतीने मला टेबलावर ठेवले.

वनमालाबाईंनी मला उजेडात धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "हा तर कोरा कागद आहे गं."

माझी शाई कधी उडाली ते मला कळलेच नव्हते. मार्वे गेले, मालाड गेले, तारीखही गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आणि तिकीट होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलंस?"

 दाखवायला आता मी उरलो नव्हतो. कल्पितालाच बोलावे लागले.

"कॉलेजातली गंधाली शेजारी बसलेली. तिला कळू द्यायचं नव्हतं, की मागे मासळीवाल्या बायका होत्या ना, त्यात माझी आई होती. म्हणून म्हटलं, काढायचं राहिलं."

तिला रडू फुटले. पार्वतीने पदराचे टोक पुढे केले.

"मना ठावं होतं गो," ती हळूच म्हणाली. "उतरताना हाक मारली, तं तू खिडकीबाहेर बघत होतीस."

वनमालाबाईंनी मला पार्वतीकडे परत सरकवले. "दंड भरलास ना? मग ते तिथेच मिटलं. भरला नसतास, कोर्टात गेलं असतं, तर गोष्ट वेगळी. इथे तुझ्या नावावर काही नाही. जा, डोळे पूस."

परतीच्या बसमध्ये कल्पिता आईला चिकटून बसली. कंडक्टर आला तेव्हा तिनेच आवाज दिला, "मार्वे दोन. मी आणि माझी आई." आतल्या अंधारातही मला ते स्वच्छ ऐकू आले. तिकीट तिने आईच्या हातात दिले. "तुझ्याकडेच राहू दे, आये."

ते आता माझ्या शेजारी आहे, नवे कोरे, अक्षरे अजून ठळक. रेकॉर्ड कुठे असते म्हणून ते मला सारखे विचारते. मला अजून पत्ता लागलेला नाही. एवढे मात्र सांगतो, बाबांनो, आमच्या भरवशावर राहू नका. आमची अक्षरे फार दिवस टिकत नाहीत. कुणाला आपले म्हणायचे असेल तर ते तोंडाने म्हणा, बसमध्ये, चारचौघांत.

कल्पिता परवापासून कामावर जाते आहे. पार्वतीने काल बटवा झाडला. सुपारीची खांडे टाकली, जुनी तिकिटे टाकली. मला बोटांत धरून दोन्ही बाजूंनी पाहिले. माझ्यावर वाचण्यासारखे काही नव्हते. तरी तिने मला घडी घालून पुन्हा आत ठेवले.