मी वाकडाच राहणार

मी या शहराचा मधला हमरस्ता बोलतोय. एका टोकाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकाला कोर्ट, दोन्ही अंगांनी गाड्या आणि मधून झाडांखालची पायवाट. आणि हो, मधोमध मी वाकडा आहे. लाज? कसली लाज!

माझा जन्मच भाऊबंदकीतला. कंत्राट दोन सख्ख्या भावांनी घेतलं होतं. थोरल्यानं स्टेशनाकडून काम काढलं, धाकट्यानं कोर्टाकडून. दोघांत अबोला! कुणी खुंट्या कुठे ठोकल्या, हे एकमेकांना विचारणार कोण? शेवटी पाहतात तो काय, माझे दोन तुकडे एकमेकांना चुकवून पुढे निघालेले. केलेलं काम उखडायला दोघंही तयार होईनात. मग मुकादमानं कपाळावर हात मारून घेतला आणि मध्ये वळण घालून मला जोडून टाकलं. वळणाच्या पोटात एक कोपरा उरला. तिथे झाडं लागली, बाक आले.

त्या कोपऱ्यात आता इस्त्रीवाली बसते. आधी तिची सासू बसायची. गाड्या वळणावर हळू होतात, तेवढ्यात लोक कपडे टाकून जातात. त्यावरच तिनं दोन मुली शिकवल्या.

आता नगरपालिकेच्या साहेबांना मी सरळ हवाय. गाड्या सुसाट जायला हव्यात म्हणे! म्हणजे कोपरा गेला, झाडंही गेली. इस्त्रीवालीला बाजारामागे जागा देऊ केली. धाकटी मुलगी म्हणाली, घेऊन टाक आई, कशाला उगाच वाद. पण तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

काल खोदाईचं यंत्र आलं. कुणाच्या परवानगीनं बसलात, असं साहेबांनी दरडावून विचारलं. हातातली इस्त्री न थांबवता ती म्हणाली, "रस्ता वाकला म्हणून जागा झाली. जागा झाली म्हणून सासूबाई बसल्या. आता मी बसलेय."

मग यंत्रावरच्या ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, ते बंद करा. धुरळा कपड्यांवर बसतोय."

त्यानं साहेबांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि यंत्र बंद केलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आज साहेब पोलीस घेऊन येणार आहेत, असं ऐकतो. येऊ देत की. तिनं सकाळीच टेबल मांडलंय. शेजारी धाकटी मुलगी येऊन बसलीय, शर्टांच्या घड्या घालतेय. नकाशात मला खुशाल सरळ काढा हो. इथे मात्र आधी या दोघींना उठवावं लागेल, आणि त्या उठत नाहीत.