पाण्याचं गाणं

शिरूरला इंग्रजी गाण्यांचं एफएम स्टेशन निघालं तेव्हा लोक हसले होते. दोन हजार सातची गोष्ट. मालक पृथ्वीराज हा दौंडचा गडी, बाप रेल्वेत ड्रायव्हर. रेल्वे कॉलनीत शेजारीपाजारी गिटार वाजवणारे, त्यांच्या संगतीत पोरगं रॉकच्या नादी लागलं ते लागलंच. त्यानं रीतसर परवाना काढला, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या, गच्चीवर टॉवर उभा केला आणि नाव ठेवलं खडक एफएम. दिवसभर ड्रम आणि गिटार, मधूनमधून पशुखाद्य नाहीतर मंगल कार्यालयाची जाहिरात. कारखान्यातली पोरं खूश झाली. बाकीचे म्हणाले, यापेक्षा पत्र्यावर दगड पडलेले बरे.

माइकवर बोलायला रुपाली होती. इनामगावच्या रखमाजी धनगराची लेक, बी.ए. झालेली, आवाज खणखणीत. आजाची मेंढरं कधीच गेली होती. आता घोड नदीकाठी अडीच एकर रान आणि पात्रात पाणी उपसणारी एक मोटार, एवढाच आईबापाचा संसार.

खासगी एफएमला बातम्या द्यायची मनाई होती. पृथ्वीराजला परवान्याची एवढी धास्ती, की पाऊस पडतोय म्हणायचं तरी तो आधी वकिलाला विचारी. धरणातून पाणी सोडलं, हेसुद्धा त्याच्या लेखी बातमीच. पण नदीकाठची अर्धी माणसं पात्रात असायची. पाटबंधारे खात्याची जीप गावोगाव पुकारत फिरे, तिचा भोंगा खाली पात्रात ऐकू येत नसे. पहिल्याच पावसाळ्यात चार मोटारी वाहून गेल्या, तेव्हा रुपालीनं तोड काढली. शब्द नसलेली नुसत्या गिटारची एक धून होती. पाणी सुटलं की ती लागोपाठ तीनदा लावायची. बातमी नाही, गाणंच आहे, कोण काय म्हणणार?

काठाला ते बरोबर समजलं. ज्यांनी जन्मात गिटार पाहिली नव्हती ते म्हातारेसुद्धा ती धून तिसऱ्यांदा लागली की धोतर खोचून मोटार काढायला पळत. पाण्याचं गाणं म्हणत तिला. म्हणूनच घरोघरी, पात्रात मोटारीपाशीसुद्धा, खडक एफएम चालू राहायचं. बाकीची गाणी लोक सोसायचे.

आणि चांगल्या गोष्टीला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात ठिबकचे पाइप विकणारा एक व्यापारी आला. म्हणाला, "ते गाणं लागलं की सगळा तालुका कान टवकारतोय. तीनदा वाजवा आन् मग माझी जाहिरात लावा. रोज सकाळी नऊला."

पृथ्वीराज विरघळला. रुपालीला हे पटलं नव्हतं, पण तिनंही तोंड उघडलं नाही. जाहिरातीत आवाज तिचा होता, शिवाय बाजारपेठेत लागणाऱ्या बोर्डावर तिचा फोटो येणार होता. माणसाची मती अशीच फिरते.

पहिल्या दिवशी अख्ख्या काठानं मोटारी वर काढल्या आणि तासाभरात फोनवरून तिचा यथेच्छ उद्धार केला. दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी काढल्या. तिसऱ्या दिवशी लोक हसले आणि दात घासत राहिले. शनिवारी रुपाली घरी गेली तेव्हा बापाचे गुडघे सुजलेले दिसले. ती म्हणाली, "आबा, ते गाणं आता जाहिरातीचं हाय. ऐकून उठत जाऊ नका." रखमाजी नुसता "बरं" म्हणाला.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला धरणावर नोकरीला असलेल्या ज्ञानदेवमामांचा फोन आला.

"रुपे, वर लई पाऊस झालाय. दारं उघडली. साडेदहापातुर तुमच्या गावाला पानी येतंय. लाव तुझं गाणं."

शिरूरला आभाळ कोरडं ठणठणीत होतं. तिनं धून लावली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पण कोण उठणार होतं? आज नऊची जाहिरात जरा लवकर लागली, म्हणतील. मोटारी आज सगळ्याच्या सगळ्या पात्रात, शेतीला वीज सकाळचीच, आणि आबा तर वीज असेपर्यंत मोटारीपाशीच बसून असायचे. त्यांना उठू नका म्हणून सांगितलं कुणी? तिनंच.

आबांकडं मोबाइल नव्हता. शेजारच्या सावळारामअप्पांचा लावला, तर लागेना. दहा वेळा लावला.

"मी माइकवरून सांगते," ती म्हणाली.

पृथ्वीराज दारात आडवा उभा राहिला. "अगं, ती बातमी होती. परवाना जाईल. परत धून लाव, चारदा लाव, दहादा लाव."

"गाण्याची किंमत आपण घालवली, साहेब. दहादा काय न् शंभरदा काय!"

तिनं चालू गाणं मधेच तोडलं आणि माइक उघडला. शहरी मराठी तिच्या ओठावर आलीच नाही. काठावर उभं राहून हाक मारावी तशी ती ओरडली, "ही जाहिरात न्हाई! रुपाली बोलतीया, रखमाजीची! धरनाचं पानी सुटलंय, खरंच सुटलंय! सावळारामअप्पा, मोटार काढा! साखरबाई, पोरांना वर घ्या! आबा, मी उठू नका म्हनले व्हते, ते चुकलं माझं. उठा, आबा, वर या!"

पाच वेळा, सात वेळा, घसा बसेपर्यंत ती तेच सांगत राहिली. पृथ्वीराजनं तिला अडवलं नाही. शेवटी त्यानंच पाण्याचा पेला आणून तिच्यापुढं ठेवला.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. साडेनऊ झाले, दहा वाजले. साडेदहा झाले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं नदी दिसू लागली, आणि नदीत मोटार. मोटारीशेजारी बसलेलं माणूस तिला बघवेना, म्हणून ती डोळे उघडे ठेवून भिंतीकडं बघत राहिली. आता गाणी लावायचीसुद्धा तिला भीती वाटत होती. पावणेअकराला फोन वाजला. सावळारामअप्पांचा नंबर होता, पण आवाज बापाचा.

"रुपे, आलं बग पानी. लई मोठं हाय. समदी मानसं वर हायती. तू वरडलीस म्हून निघाली."

"आन् तुम्ही? तुम्ही कवा निघाला, आबा?"

"मी? मी तर पहिलं गाणं लागलं तवाच निघालो. तुझ्या आयनं न् मी बांबूला बांधून मोटार वर आनली."

रुपाली म्हणाली, "मी तर सांगितलं व्हतं, जाहिरात हाय म्हून."

"व्हय, सांगितलंस. पर तू लावलेलं गाणं, पोरी. आज खरं असलं तर? म्हून रोज काढत व्हतो. रोज नऊला वर, पुन्हा दहाला खाली."

सात दिवस. दोन म्हातारी माणसं, एक बांबू आणि तिनं पाइपासाठी वाजवलेलं गाणं. ती माइकच्या टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि पृथ्वीराजनं जाहिरातीची सीडी मशिनमधून काढून घेतली.

"रडू नगं," फोनवर रखमाजी म्हणाला. "येवढंच कर, त्या पाइपवाल्याला दुसरं कायतरी गाणं दे. गुडघं लई दुखत्यात बग."