सोळा किलोची लिची

ईशाने गाडीच्या मागच्या सीटवरच्या गाठोड्यावर कुत्र्याचा छातीपट्टा चढवला, पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते पाहिलं आणि वर धक्के मोजायला स्वतःचा फोन चिकटपट्टीने पक्का बसवला.

"वजन?" निशिकांतकाकांनी स्टिअरिंगवरून मान वळवून विचारलं.

"बरोबर सोळा किलो. पंधरा किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ."

"डाळीचं पुडकं फुटलं तर दुपारी कोरडा भात खा," जयवंतीमावशी खिडकीतून म्हणाली.

रविवारी सकाळी बुकित पंजांगमधल्या त्यांच्या ब्लॉकच्या कार पार्कचा सर्वांत वरचा मजला रिकामा होता. गाडी काकांच्या मित्राची, अभयची, दिवसभरासाठी मागून आणलेली. दुपारपर्यंत गाठोड्याच्या जागी लिची बसणार होती: तपकिरी, एक कान दुमडलेली, सोळा किलोची. कुत्र्यांच्या निवाऱ्यातून ती दोनदा दत्तक गेली होती. पहिल्या घरच्यांनी वाटेतूनच परत आणली, गाडीत ती रडायची आणि ओकायची. दुसऱ्यांनी घरी पोचल्यावर दार उघडलं आणि ती उडी मारून पळाली. सहा दिवसांनी सापडली. आता निवाऱ्यातल्या शू फेनची अट होती. लिचीला घरी नेताना ती स्वतः मागून व्हॅनने येणार, आणि लिची फार घाबरली तर आजच परत नेणार.

काका मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर. गुरुवारी निघायचे, सहा महिन्यांसाठी. मावशीने घरी भिंतीशी लिचीसाठी गादी आणि दोन वाडगी आधीच मांडून ठेवली होती, आणि सकाळी निघेपर्यंत तिकडे पाहायचं टाळत होती.

"माझं लॅशिंग आहे ते, जहाजावरची बांधणी," काकांनी दोन्ही दारांच्या वरच्या मुठींपासून गाठोड्यापर्यंत ताणलेल्या दोऱ्यांकडे बोट दाखवलं. "बिस्केच्या उपसागरात कंटेनर हलला नाही माझा."

गाडीने वेग घेतल्यावर ईशा म्हणाली, "काका, ब्रेक."

टायर किंचाळले. गाठोडं दोऱ्यांच्या मधून सुळकन पुढे गेलं आणि सीटखाली नाक घासून पडलं.

ईशाने टाळीच वाजवली. "बघा! जहाज आडवं डोलतं, म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंनी बांधलंत. गाडीत सगळा धक्का पुढे येतो. पुढे जाण्यापासून अडवणारं काहीच नव्हतं!"

काका खाली वाकून दोऱ्यांकडे पाहत राहिले. मग एकेक गाठ सोडत म्हणाले, "पोरगी शिकलीय खरी."

दुसऱ्या खेपेला छातीपट्ट्याची पाठीवरची कडी आखूड पट्ट्याने सीटबेल्टच्या खाचेत अडकवली. लिचीच्या गळपट्ट्याला मात्र काही अडकवायचं नाही, हे ईशाने बजावलं. "धक्का मानेवर नको." ब्रेक लागला, गाठोडं वीतभर पुढे झुकून जागच्या जागी बसलं. तिघंही एकदम ओरडले.

"आता साधी चक्कर मारून बघू," काका म्हणाले. एक चक्कर त्यांनी चालवली. मग पट्टा सैल होतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं म्हणून ते मागे गाठोड्याशेजारी बसले, आणि चालवायला मावशी.

फोनने टिपलेले दोन्ही चकरांतल्या धक्क्यांचे आलेख ईशाने एकाखाली एक लावले. वरची रेघ करवतीसारखी होती. खालची जवळजवळ सपाट.

"पहिला कोणाचा?" काकांनी विचारलं.

ईशाने त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"नाशिकला पोरांची शाळेची व्हॅन चालवायचे मी, लग्नाआधी," मावशी म्हणाली. "चौदा पोरं. त्यातली दोन रोज ओकणारी. ब्रेक असा लावायचा, की लावलाय हे पोरांना कळता कामा नये."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही गाडीत बसल्यावर दुसऱ्याला बोलू देता?"

काकांनी मागचं दार उघडलं, खाली उतरले, ड्रायव्हरच्या दारापर्यंत जाऊन पुन्हा मागेच बसले आणि स्वतःचा बेल्ट लावला.

सुंगेई तेंगाहला, निवाऱ्यात, शू फेनने लिचीला उचलूनच गाडीत ठेवलं. कडी अडकल्याचा आवाज झाला. ईशाने ती दोनदा ओढून पाहिली, मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावले आणि पुढे मावशीशेजारी बसली.

"स्लोली हां, आंटी. शी व्हेरी स्केअर्ड वन," शू फेन खिडकीतून म्हणाली.

गाडी निघाली तशी लिची थरथरायला लागली. तोंडातून लाळेची तार लोंबली. मग तो रडण्याचा आवाज सुरू झाला, बारीक, न थांबणारा. ईशा मागे वळून घड्याळ लावून श्वास मोजत होती. मिनिटाला एकशे दहा.

"जया, डावीकडची लेन धर, पुढे सिग्नल आहे, आणि त्या बसच्या—"

"अहो."

काका थांबले. काय करावं न कळून त्यांनी हात सीटवर पालथा ठेवला. लिचीने तो हुंगला.

सिग्नलला गाडी कधी थांबली ते ईशाला कळलंच नाही. पुढे झाडं, पूल, एलआरटी रेल्वेचा छोटा डबा डोक्यावरून गेला. नव्वद. आवाज तुटक झाला. पासष्ट. ईशाने काकांना बोटांनी आकडा दाखवला, आणि काकांनी भुवया उंचावल्या. मग लिचीने हनुवटी हळूच काकांच्या मांडीवर टेकवली. दुमडलेला कान उलटा पडला.

"चोवीस," ईशा ओठांतल्या ओठांत म्हणाली. "मावशी, ती झोपलीय. गाढ!"

मावशीने आरशात लिचीकडे पाहिलं. 

उजवीकडे त्यांचा ब्लॉक दिसू लागला. मग कार पार्कचा पिवळा अडसर. गाडीचा वेग कमी झाला नाही, वाढलाही नाही. काकांनी तोंड उघडलं, आणि मांडीकडे पाहून मिटलं. अडसर मागे गेला. ब्लॉक मागे गेला.

ईशाच्या हातातला फोन थरथरला. शू फेन.

"यू मिस द टर्निंग, लाह!"

"शी इज स्लीपिंग," ईशा कुजबुजली.



"ओके," शू फेनही कुजबुजली. "टेल आंटी, गो समव्हेअर फार. आय फॉलो."