टिपणीस साहेबांना काय हवं होतं

पनवेलच्या बाजारात महमूद मुकादम यांचं चष्म्याचं दुकान आहे. दर शुक्रवारी नमाज झाली की ते दुकान मुलीवर, यूम्नावर सोपवत आणि स्कूटर काढून चिरनेरला जात. तिथे काशिराम म्हात्रे राहायचा. कुवेतमध्ये दोघांनी अकरा वर्षं एका खोलीत काढली होती. काशिराम क्रेन चालवायचा, महमूदभाई त्याच कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. गावी परतूनही दोघांना आता दहा वर्षं झाली होती.

गेल्या दिवाळीत काशिरामला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. वाचाही गेली होती, पण ती दोन महिन्यांत परत आली. डॉक्टर म्हणाले, आता जितकं बोलेल तितकं चांगलं. काशिराम मात्र बोलेना.

"तोंड हाय, जीभ हाय, पन बोलायचं नाय त्यांना," त्याची बायको शशिकला महमूदभाईंना सांगायची. "चा पायजे तर कप दाखवतात. भाईजान, तुमीच बोला काय ते."

महमूदभाई बोलायचे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांबद्दल, हायवेच्या खड्ड्यांबद्दल, बायकोच्या, बिल्कीसच्या गुडघ्यांबद्दल. काशिराम ओटीवरच्या खुर्चीत बसून समोरच्या शेवग्याकडे बघत राहायचा. तास-दीड तास असा गेला की महमूदभाई उठायचे.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते असेच उठले, चपला घालू लागले, तेव्हा मागून आवाज आला.

"टिपणीस… काय बोल्ला असंल रं?"

महमूदभाई एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले. आतून शशिकला धावत आली. काशिरामने त्या दोघांकडे बघितलं आणि चिडून पुन्हा विचारलं, "टिपणीस! काय पायजे होतं त्याला?"

शशिकलाला वाटलं, नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. महमूदभाईंना मात्र सगळं एका क्षणात समजलं, आणि ते मोठ्याने हसत सुटले.

कुवेतच्या त्या खोलीत आठ माणसं होती. सगळी कोकणातली, उरणपासून रत्नागिरीपर्यंतची. एक टीव्ही होता आणि गावाहून कुणीतरी आणलेली एका मराठी सिनेमाची सीडी होती. सिनेमाचं नाव 'कावळा नाही म्हणतो'. इकडे तो चार दिवसही चालला नव्हता. त्या खोलीत तो अकरा वर्षं चालला, जवळजवळ दर शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर.

गोष्ट होती वजनमापं तपासणाऱ्या टिपणीस नावाच्या इन्स्पेक्टरची. आयुष्यात कुणाकडून चहासुद्धा न घेतलेला माणूस. निवृत्तीच्या आदल्या दिवशी बाजारात काटा तपासताना त्याच्या अंगावर कांद्याचं पोतं पडतं आणि तो जागच्या जागी मरतो. दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवतात, पण कावळा शिवत नाही. नातेवाईक एकेक वचन देऊ लागतात. मुलीचं लग्न करू, पेन्शनसाठी भांडणार नाही, गच्चीची गळती काढू. कावळा ढिम्म. टिपणीसांचं भूत तिथेच पायरीवर बसलेलं असतं, ते फक्त कावळ्याला दिसतं. आणि गंमत अशी की आपली कुठली इच्छा राहिली आहे, हे खुद्द टिपणीसांनाच आठवत नसतं. मग भूत आणि कावळा मिळून ती शोधायला गावभर हिंडतात. इकडे घाटावर नातेवाइकांचा मुक्काम वाढत जातो, भटजी पाळ्या लावतात, चहाची टपरी उघडते, दोन सोयरिकीही जमतात.

पहिल्यांदा सिनेमा लागला तेव्हा पिंड म्हणजे काय, कावळ्याचं काय काम, हे काशिरामनेच महमूदभाईंना समजावून सांगितलं होतं. "अरे, म्हणजे मेल्यावर पण तुमच्यात सही-शिक्का लागतो?" असं महमूदभाई म्हणाले होते आणि सगळी खोली लोळत हसली होती.

पण त्या सीडीला एक चरा होता. शेवटाकडे टिपणीस एकदम थांबतात, कपाळावर हात मारतात आणि म्हणतात, "आठवलं! मला काय हवं होतं ते आठवलं!" आणि तिथेच चित्राचे चौकोन चौकोन होऊन सिनेमा बंद पडायचा. सीडी पुसून पाहिली, खोबरेल लावून पाहिलं, दुसऱ्या प्लेयरमध्ये घातली. काही उपयोग झाला नाही. त्यामुळे पुढे काय झालं असेल, यावर अकरा वर्षं वाद झाले. प्रत्येकाचा शेवट वेगळा. काशिरामचा शेवट सगळ्यांना आवडायचा, पण "हा आपला झाला, खरा काय ते कसं कळनार?" असं तोच म्हणायचा.

गावी आल्यावर संसाराच्या गडबडीत ते राहूनच गेलं. आता तीन महिने गप्प बसलेल्या माणसाला नेमकं तेच आठवलं होतं.

त्याच संध्याकाळी महमूदभाईंनी यूम्नाला कामाला लावलं. "बेटा, कसंही करून हा पिक्चर शोध."

नेटवर सिनेमा कुठेच नव्हता. यूम्नाला सापडला तो एक ग्रुप. 'कावळा मंडळ', सदस्य तीनशेच्या वर. नाशिकचे, सोलापूरचे, एक तर कॅनडातला. कुणी टीव्हीवर दुपारी एकदाच लागला तेव्हा पाहिलेला, कुणी मोठ्या भावाच्या तोंडून ऐकून प्रेमात पडलेला. ही माणसं दिवसभर त्यातली वाक्यं एकमेकांना पाठवत होती. आणि ग्रुप चालवणारी बाई नवीन पनवेलातच राहत होती, दुकानापासून पंधरा मिनिटांवर. तिचं नाव रुचिरा.

दुसऱ्याच दिवशी रुचिरा दुकानात आली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी, तिशीची, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. कुवेतची हकिगत ऐकताना ती स्टुलावरून उठून उभी राहिली.

"अकरा वर्षं? काका, आम्हाला वाटायचं आम्हीच वेडे!"

"तुला का एवढा आवडतो?" महमूदभाईंनी विचारलं.

ती परत स्टुलावर बसली. "माझे बाबा गेले ना, तेव्हा दहाव्याला दीड तास कावळा येईना. काकांनी, आत्यांनी सगळं बोलून झालं. आई रडून रडून थकली. मी आणि भाऊ उभे होतो. तो हळूच माझ्या कानात म्हणाला, 'आज माझी रजा आहे, अर्ज द्या.'"

ते सिनेमातल्या कावळ्याचं वाक्य होतं. महमूदभाईंनी मान डोलावली.

"मला असं हसू फुटलं काका, घाटावर, सगळ्यांसमोर. आणि मग पहिल्यांदा रडायला आलं. तोपर्यंत मी रडलेच नव्हते."

तिच्याकडे पूर्ण सिनेमा होता, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला. पण शेवटाची गोष्ट निघाली तशी ती घुटमळली.

"शेवट बघायलाच हवा का? मंडळात आम्ही शेवटाबद्दल बोलत नाही."

"का बरं?"

"तुम्हीच बघा म्हणजे कळेल."

रविवारी सकाळी यूम्नासह तिघं चिरनेरला गेले. रुचिराने लॅपटॉप ओटीवरच्या टेबलावर ठेवला. शशिकलाने दार ओढून घेऊन ऊन अडवलं आणि आपणही तांदूळ निवडायला तिथेच बसली. सिनेमा सुरू झाला. काशिराम पुढे वाकून बघत होता. कांद्याचं पोतं पडलं तेव्हा त्याचे ओठ हलले. कावळा पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याच्या आधी अर्धा सेकंद काशिराम तेच वाक्य पुटपुटला. रुचिराने ते ऐकलं आणि तीही पुटपुटू लागली. थोड्या वेळाने महमूदभाईही. यूम्ना आणि शशिकला पडद्याकडे कमी आणि या तिघांकडेच जास्त बघत होत्या.

मग टिपणीस थांबले. कपाळावर हात मारला. "आठवलं! मला काय हवं होतं ते आठवलं!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चित्राचे चौकोन झाले नाहीत. काशिरामने डाव्या हाताने महमूदभाईंचं मनगट धरलं.

पडद्यावर गजराचं घड्याळ वाजलं. टिपणीस आपल्या पलंगावर जागे झाले. ते मेलेच नव्हते, सगळं स्वप्न होतं. बायकोने चहा दिला. टिपणीसांनी सरळ प्रेक्षकांकडे बघून, ग्राहकांनी वजन कसं तपासून घ्यावं, यावर भाषण ठोकलं. मग कावळ्यासकट सगळे बाजारात नाचले. संपलं.

शशिकलाच्या सुपातले तांदूळ तेवढे वाजत होते. महमूदभाईंना वाटलं, आपण मोठी चूक केली. बिचाऱ्याने एवढ्या दिवसांनी एक गोष्ट मागितली आणि आपण त्याच्यापुढे हे आणून ठेवलं.

"निर्मात्याला संदेश हवा होता म्हणे," रुचिरा अपराध्यासारखी म्हणाली, जणू तो सिनेमा तिनेच काढला होता. "सॉरी काका."

काशिरामने मनगट सोडलं. पडद्याकडे बघत तो म्हणाला, "हा शेवट हाय?"

"हो."

"सपान?"

"हो."

"हॅट!" काशिराम एवढ्या जोरात ओरडला की अंगणातली कोंबडी पळाली. "यापेक्षा आमचा बरा होता! मामद्या, सांग हिला. सांग आमचा."

महमूदभाईंनी तोंड उघडलं आणि मग काहीतरी सुचून मिटलं. "मला नीट याद नाही. तूच सांग."

"तुला याद नाय? पन्नास येला सांगला!"

"वय झालं रे. चष्मेवाला आहे मी, डोळ्यांचं विचार. डोक्याचं नको."

काशिरामने त्यांच्याकडे रोखून बघितलं. डाव कळला असावा, पण राग त्या शेवटाचा जास्त होता. तो रुचिराकडे वळला आणि सांगू लागला. शब्द सावकाश येत होते. मधेच एखादा अडकायचा, मग तो डोळे मिटून थांबायचा. रुचिरा घाई करत नव्हती. यूम्नाने फोन हळूच पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

अर्ध्या तासाने तो थांबला तेव्हा रुचिराने चष्मा काढून ओढणीला पुसला.

"काका, हे मंडळाला दाखवू का?"

"दाखव की. त्या सपानवाल्याला पन दाखव."

ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला त्याला रात्रीपर्यंत शेकडो उत्तरं आली. पहिलं कॅनडातून होतं: 'एवढ्या वर्षांनी टिपणीस सुटले.' रुचिरा ती उत्तरं वाचून दाखवायला आठवड्यातून दोनदा चिरनेरला फोन करू लागली. काशिराम ऐकून घ्यायचा आणि एकेकाला उत्तर सांगायचा. सोलापूरच्या एका मास्तरांशी तर त्याचा कडाक्याचा वाद झाला, कावळा नर की मादी यावरून. "आता गप बसा म्हनून सांगावं लागतं," शशिकला महमूदभाईंजवळ तक्रार करायची, आणि तक्रार करताना हसायची.

मंडळाचा दरवर्षी एक मेळावा असे. यंदा तो पनवेलच्या वडाळे तलावाजवळच्या एका छोट्या सभागृहात ठरला, मार्चमधल्या रविवारी सकाळी. नव्वद माणसं आली. काही काळे कपडे घालून, एक जण तर खाकी शर्ट आणि हातात तराजू घेऊन. काशिरामला यूम्नाने गाडीतून आणलं. तो पहिल्या रांगेत बसला, एका बाजूला शशिकला, दुसऱ्या बाजूला महमूदभाई.

सिनेमा लागला. नव्वद माणसं एकदम वाक्यं म्हणत होती, एकदम हसत होती. भटजींची पाळी बदलली तेव्हा शिट्ट्या पडल्या. कुवेतच्या खोलीत आठच जण होते. महमूदभाईंच्या मनात आलं, बाकीचे पाच इथे हवे होते. सहावा, देवरूखचा वेणू, तर आता या जगातच नव्हता. त्यालाही हे आवडलं असतं.

"आठवलं! मला काय हवं होतं ते आठवलं!"

रुचिराने तिथेच सिनेमा थांबवला. दिवे लागले. काशिराम डाव्या हातात काठी घेऊन उठला. महमूदभाईंनी हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला आणि स्वतःच पुढे जाऊन खुर्चीत बसला. माईक रुचिराने धरला.

"टिपणीस…" तो म्हणाला आणि अडकला. पाच सेकंद, दहा सेकंद. शशिकलाने पदर घट्ट धरला.

"टिपणीस साहेब कावल्याला बोल्ला, मी चौतीस वर्सं बाजारात फिरलो. समद्यांचे काटे बगले. पन मला कोनी कवा वरचं नाय दिलं."

कुणीतरी "आहा" म्हणालं.

"भाजीवाली समद्यांना भाजी दिली का वर कोथिंबिरीची काडी टाकते. ह्याला बगून हात मागं घेते. साहेब हाय, मापात द्यायला पायजे. बायको पन मोजून वाढते, पोरगी मोजून बोलते. समद्यांना वाटतं, ह्याला वरचं चालत नाय. त्याला पन तेच वाटायचं. मेल्यावर कललं, हेच पायजे होतं."

त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"आता हे सांगनार कसं? कावला बोल्तो, माजं तर कोन ऐकत नाय. दोगं घाटावर परत आले. समदे थकून झोपलेले. तवा ती भाजीवाली आली, पिक्चरच्या सुरवातीला दंड केलेला ना त्यानं तिला, तीच. टोपली घेऊन बाजाराला चाल्ली होती. पिंड तसाच बगितला. बाजूला बसली. टोपलीतून कोथिंबिरीची जुडी काढली, आख्खी. पिंडाजवल ठेवली. बोल्ली, घ्या साहेब. मापात नाय. वरचं हाय."

महमूदभाईंना पुढचं वाक्य पाठ होतं, तरी ते खुर्चीच्या कडेला सरकले.

"आन् कावला उडाला. पयली कोथिंबीर खाल्ली, मंग पिंड."

मग नव्वद माणसं एकदम उभी राहिली. काही "काव काव" ओरडत होती, काही डोळे पुसत होती, खाकीवाला तराजू डोक्यावर धरून नाचत होता. रुचिरा माईक काखेत धरून टाळ्या वाजवत होती. शशिकला खुर्चीतच बसून होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

आवाज जरा कमी झाल्यावर मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. "काका, मग भाजीवालीला कळलं का, तिच्यामुळे ते सुटले ते?"

हे कुवेतच्या खोलीत कुणी कधीच विचारलं नव्हतं. काशिरामने महमूदभाईंकडे बघितलं. महमूदभाईंनी खांदे उडवले. काशिराम डोळे मिटून विचार करू लागला, आणि सगळं सभागृह पुन्हा खाली बसलं.

"पानी दे गं जरा," तो शशिकलाला म्हणाला. "सांगतो."