भिंतीला टेकलेले अरुंद दार

“याला जाळू नका. भिंतीला टेकवून ठेवा, येता-जाता दिसेल असं.” वहिनींचे ते शांत शब्द मला आजही आठवतात.

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. पण माझ्यातून आजवर कुणी आत गेले नाही की बाहेर आले नाही. सुतारदादांनी मला मन लावून घडवले. रंधा असा फिरवला की माझ्यावर गाल टेकावासा वाटावा. मी दवाखान्यासाठी होते. तिथे बसवले आणि रुग्णाची खाट माझ्यातच अडली! नव्या खाटा रुंद आहेत, हे सिस्टरबाईंनी फोनवर दादांच्या धाकट्या भावाला सांगितले होते. दादाला ठाऊक असेलच, म्हणून तो बोलला नाही. दादांनीही विचारले नाही. मग मला काढून परत दादांच्या कारखान्यात आणले.

कारखान्याचे काम बघणाऱ्या वहिनींनी मग नेम घालून दिला. सकाळी यंत्र सुरू होण्याआधी सगळ्यांनी माझ्यासमोर उभे राहायचे. कोणते काम कुणाकडे, कुठे अडले, काय बदलले, ते खडूने माझ्यावर लिहायचे.

“वहिनी, प्रार्थना तेवढी राहिली,” धाकटा म्हणाला.

“तीही म्हण. आधी सांग, काल कुठं अडलास?”

सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बोट दाखवत. हळूहळू जो तो आपली अडचण आपणच सांगू लागला. माणसे तीच, हत्यारे तीच. पण कारखान्याला जाणतेपण आले. माल वेळेवर जाऊ लागला, तुटलेली गिऱ्हाइके परतली. मला किती धन्य वाटे!

मग काम वाढले आणि उभे राहायला कुणाला सवड उरली नाही. माझ्यावर मळके ॲप्रन लटकू लागले.

अशात त्याच दवाखान्याने मुलांच्या नव्या खोल्यांचे काम दिले. “या वेळी चुकलं, तर पुन्हा बोलावणार नाही,” सिस्टरबाईंनी बजावले. “कापण्याआधी मी स्वतः येऊन बघेन,” दादांनी शब्द दिला.

आज सकाळी फळ्या यंत्रावर चढल्या. वहिनींनी एकेक ॲप्रन उतरवला, मला ओल्या फडक्याने पुसले आणि खडू पुढे केला.

“मापं आलीत की,” दादा कुरकुरले. “उगाच दिवस जाईल.”

“जाऊ दे, दादा,” धाकटा म्हणाला. “मापं भिंतीची आहेत. आजारी मुलाला कडेवर घेतलेली आई सलाइनच्या स्टँडसकट आत कशी जाणार, ते कुठं लिहिलंय?”



मित्रांनो, चांगली सवय घाईच्या दिवशीच जास्त जपायची असते. आपल्याला ठाऊक आहे ते शेजारच्याला सांगा, आणि नाही ते विचारा. कमीपणा येत नाही.

दादांनी यंत्राचे बटण बंद केले. मापाची पट्टी खिशात टाकली, चपला पायात सरकवल्या आणि कुणाला काही न सांगता दवाखान्याच्या वाटेला लागले.