पेंढ्याची राख

प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीच्या काचेला डोळा लावून ती उभी होती. आत चाचणीसाठी केलेले राखेचे सुळके, बोटाच्या पेराहून लहान. मधल्याचं टोक गोल झालं होतं. ती आचेचा आकडा बघून आली, पुन्हा वाकली. सुळका बसत चालला होता. इतक्या लवकर बसायला नको होता.

बाबांच्या चाचणीत तो याहून कितीतरी जास्त आचेत ताठ उभा होता. कोळशात एवढा पेंढा चालेल, हा त्यांचा शेवटचा निकाल. त्यानंतर ते गेले, आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी ती आता एकटीच उरली. दुपारी कारखान्याच्या मोठ्या भट्टीत कोळसा आणि पेंढा मिसळून त्यांचा गॅस करायला सुरुवात होणार होती. राख भुकटी होऊन पडली तर ठीक. वितळली तर भिंतींना चिकटून भट्टीचं तोंड बुजवणार, आणि मग माणसांनी पहारी घेऊन आत उतरायचं.

फोरमनकाका दारात आले.

"काय गं, सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या?"

"काका, पेंढा थांबवा. राख वितळतेय."

"तुझ्या बाबांनी पास केलाय तो!"

"राख करताना त्यांनी पेंढाही कोळशाइतक्याच कडक आचेवर जाळला. भट्टीचा आच कमी-जास्त करायचा खटका कधी हलवायचेच नाहीत ते." तिने हात ओढणीला पुसले, पुन्हा पुसले. "एवढ्या आचेत पेंढ्यातला क्षार उडून जातो. आणि राख वितळते ती त्या क्षारानेच. मी मंद आचेवर जाळला."

काका स्टुलावर टेकले. बाबांच्या शोकसभेत कारखान्याचे साहेब म्हणाले होते, यांचा एकही निकाल कधी चुकला नाही. ती पुढच्याच रांगेत होती.

"यंत्र बिघडलंय म्हणून सांगतो," काका हळूच म्हणाले. "काम थांबेल, आणि तुझ्या बाबाचं नावही राहील."

ती खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"मग पुढचा माणूसही पेंढा असाच जाळेल, काका."

"तो असता तर भांडला असता तुझ्याशी."

"जेवायच्या सुट्टीपर्यंत. मग कुणाला न सांगता पुन्हा राख करायला बसले असते."

काकांना हसू आलं. ते ओठांतच दाबून त्यांनी फोन उचलला, साहेबांचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"प्रयोगशाळेतून बोलतेय," ती म्हणाली. "साहेब, आमचा निकाल चुकलाय."